मिक्सरमधला लगदा पारदर्शक का होत नाही?

प्रश्न : मॅडम, मी चिपळूणला अकरावी सायन्सला आहे. लाकडाच्या लगद्यापासून काचेसारखी पारदर्शक फिल्म बनते असं वाचलं, म्हणून विज्ञान प्रदर्शनासाठी करून पाहिली. टिश्यू पेपर रात्रभर भिजवला, मिक्सरमध्ये वीस मिनिटं फिरवला आणि स्टीलच्या ताटात ओतून वाळवला. तिसऱ्या दिवशी पांढरा, कडा वळलेला जाड कागद निघाला. माझं काय चुकलं? आणि ही फिल्म आली की प्लास्टिकच्या पिशव्या बंद होतील का?

उत्तर : आधी सांग, आईचा मिक्सर जिवंत आहे ना? माझा याच उद्योगात जळला होता. एकतीस वर्षं पेपर मिलच्या लॅबमध्ये काढलेली बाई घरी येऊनही लगदाच वाटते, हे घरच्यांना तेव्हाही पटलं नव्हतं.

तुझं चुकलं काहीच नाही. तू कागद केलास, आणि कागद पांढराच असतो. गंमत अशी की सेल्युलोज, म्हणजे ज्याचे हे तंतू बनलेले असतात तो पदार्थ, मुळात पांढरा नाही. तंतूंच्या मध्ये हवेच्या फटी असतात, उजेड त्यांच्यात आपटून सगळीकडे विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. भजी बांधून आणलेला कागद आठव. तेल लागलं की तिथून पलीकडचं दिसायला लागतं, कारण हवेची जागा तेलाने घेतलेली असते. फिल्ममध्ये हेच काम तेलाशिवाय करायचं असतं. तंतू आणि त्यांच्यातल्या फटी इतक्या बारीक करायच्या, की उजेडाला त्यांची दखलच घेता येऊ नये.

तुझ्या लगद्यातला एक तंतू साधारण 30 मायक्रॉन रुंद. त्याच्या भिंतीत सेल्युलोजचे जे मूळ धागे आहेत ते 3 ते 4 नॅनोमीटरचे, म्हणजे जवळपास दहा हजार पट बारीक. मिक्सरचं पातं तंतू तोडतं, उसवत नाही. त्यात टिश्यू हा एकदा वाळलेला लगदा. वाळताना ते धागे एकमेकांना असे घट्ट धरून बसतात की परत भिजवले तरी पूर्ण सुटत नाहीत. म्हणून हे धागे सुटे करायचे असतील, म्हणजेच नॅनोतंतू हवे असतील, तर शक्यतो कधीच न वाळलेला, ओला लगदा घेतात.

मिलमध्ये लगदा बीटरमध्ये कुटतात. जितका कुटाल तितकं त्यातून पाणी हळू निथळतं. ते मोजायचं म्हणजे फ्रीनेस काढायचा, हे माझं रोजचं काम. लगदा जास्त कुटला गेला की मशीनवर पाणी सुटेना आणि शिफ्टवाले लॅबच्या नावाने शंख करत. खूप कुटूनच पूर्वापार ग्रीसप्रूफ कागद केला जातो. तो अर्धपारदर्शक असतो, म्हणजे निम्मी वाट जुन्या लोकांनी आधीच चालून ठेवली होती.

पुढची वाट 1970 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत सापडली. टरबॅक आणि सहकाऱ्यांनी लगदा दूध एकजीव करणाऱ्या होमोजनायझरमधून प्रचंड दाबाने पुन्हा पुन्हा काढला आणि बाहेर आली सुटलेल्या धाग्यांची जेली. पण वीज इतकी खाल्ली की प्रकरण बरीच वर्षं थंडावलं. नंतर टोकियो विद्यापीठात इसोगाई आणि साइतो यांनी आधी रसायनाने धाग्यांवर ऋण भार चढवला. सारखे भार एकमेकांना ढकलतात, त्यामुळे मग साध्या घुसळण्यानेही धागे सुटे होतात. हे काम 2006 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि 2015 मध्ये त्या दोघांना व त्यांचे सहकारी निशियामा यांना स्वीडनचं मार्कस वॉलेनबर्ग पारितोषिक मिळालं. त्यात लागणारी रसायनं घरी हाताळायची नाहीत, हे बजावून सांगते.

ती जेली कुरडईच्या शिजवलेल्या चिकासारखी, फक्त काचेसारखी स्वच्छ. शंभर ग्रॅममध्ये सेल्युलोज जेमतेम एक-दोन ग्रॅम, बाकी सगळं पाणी! खरी डोकेदुखी हे पाणीच. गाळायला जावं तर फिल्टर चोंदतो, ताटात वाळवावं तर दिवसच्या दिवस जातात, आणि घाई केली की फिल्म उन्हातल्या पापडासारखी वळते. तुझ्या कडाही त्याच कारणाने वळल्या. ताटाला चिकटलेली बाजू आणि उघडी बाजू सारख्या वेगाने वाळत नाहीत.

आता पिशव्यांचं. कोरडी असताना ही फिल्म ऑक्सिजनला फार छान अडवते, म्हणून खाद्यपदार्थांच्या वेष्टनात पातळ थर म्हणून तिला भाव आहे. पण हवेत दमटपणा वाढला की ती पाणी पिऊन फुगते आणि तो गुण उतरतो. चिपळूणच्या जुलैत तिच्या पिशवीतून कोलंबी आणायची मी तरी हिंमत करणार नाही.

प्रदर्शनासाठी माझं ऐकशील तर फिल्मचा नाद सोड आणि फ्रीनेस दाखव. एकाच वजनाच्या टिश्यूचे तीन वाटे कर, सारख्याच पाण्यात एक वाटा 1 मिनिट, दुसरा 5 आणि तिसरा 15 मिनिटं फिरव. दर मिनिटाला मिक्सर बंद करून तो तापला का ते बाहेरून हात लावून पाहा. मग प्रत्येक वाटा एकाच सुती कापडातून गाळ आणि पहिलं अर्धा लिटर पाणी खाली यायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून लिही. उरलेला लगदा दोन फडक्यांमध्ये पसरून वर पाटा ठेव, म्हणजे कडा वळणार नाहीत. वाळल्यावर तिन्ही कागद खिडकीशी धरून बघ आणि ते सेकंद मला नक्की कळव.