तिळ्यांची सोनोग्राफी : वारा किती आणि कोणाची कोणती?

प्रश्न : आयव्हीएफ उपचारात माझ्या गर्भाशयात दोन भ्रूण सोडले होते. आता 13 वा आठवडा सुरू असून सोनोग्राफीत तीन बाळे दिसली आहेत. अहवालात ‘डायकोरिऑनिक ट्रायअम्नियॉटिक’ असे लिहिले आहे. माझ्या नणंदेलाही तिळे झाले, पण तिची सोनोग्राफी महिन्यातून एकदाच होत असे. मला मात्र 16 व्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला बोलावले आहे. असा फरक का? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या अहवालाचा अर्थ असा, की तिन्ही बाळांच्या पाण्याच्या पिशव्या स्वतंत्र आहेत, पण वारा (बाळाला आईकडून पोषण पोचवणाऱ्या ‘प्लासेंटा’) दोनच आहेत. सोडलेल्या दोन भ्रूणांपैकी एक, बहुधा गर्भधारणेनंतरच्या चौथ्या ते आठव्या दिवसादरम्यान, दुभंगला असणार. त्यातून झालेली दोन एकसारखी बाळे एका वारेवर वाढत आहेत आणि तिसऱ्याची वार त्याची स्वतःची आहे. आपल्या नणंदेच्या बाळांना बहुधा प्रत्येकी स्वतंत्र वार असावी. तिळे म्हटले की मुदतपूर्व प्रसूती, कमी वजन आणि आईचा वाढता रक्तदाब यांची काळजी दोघींनाही सारखीच. आपल्याकडे जास्तीची जी आहे, ती सामाईक वारेची.

एका वारेवरच्या दोन बाळांच्या रक्तवाहिन्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक वेळा देवाणघेवाण समतोल राहते. पण अशा जुळ्यांपैकी शेकडा 10 ते 15 जोड्यांत एकाचे रक्त दुसऱ्याकडे अधिक जाऊ लागते. देणाऱ्याभोवतीचे पाणी आटते, घेणाऱ्याभोवतीचे वाढते आणि त्याच्या हृदयावर ताण येतो. हा बदल काही दिवसांतही होऊ शकतो, म्हणून महिन्याची वाट पाहत नाहीत. तो वेळीच लक्षात आला, तर साधारण 16 ते 26 आठवड्यांच्या काळात लेसरने त्या जोडवाहिन्या बंद करता येतात. याशिवाय वारेचा वाटा असमान असल्यास एका बाळाची वाढ मागे पडते. जोडीतील एक दगावल्यास दुसऱ्याचे रक्त अचानक तिकडे वाहून त्याच्या मेंदूला इजा होऊ शकते किंवा तेही दगावू शकते.

तिसऱ्या बाळाला या रक्ताच्या देवघेवीची झळ थेट लागत नाही. मात्र जोडीसाठी प्रसूती लवकर करावी लागली, तर ते निरोगी असूनही अपुऱ्या दिवसांचेच जन्मते. त्याचा खरा धोका हाच आहे, आणि तो अनेकदा सांगायचा राहून जातो.

कोणाची वार कोणती, हे 11 ते 14 आठवड्यांत सर्वांत स्पष्ट दिसते. निव्वळ वारा मोजून भागत नाही, कारण दोन स्वतंत्र वारा शेजारी रुजून एकच भासू शकतात. म्हणून दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे मिळतो, तिथे जाड त्रिकोण दिसतो (वारा स्वतंत्र) की पडदा सरळ काटकोनात टेकतो (वार सामाईक), हे पाहतात. परदेशी संकेतस्थळांवर ‘बाळांचे लिंग भिन्न असेल तर वार वेगळी’ ही खूण वाचाल. आपल्याकडे कायद्याने लिंग सांगता येत नाही आणि या निदानासाठी त्याची गरजही पडत नाही. पहिल्या अहवालाच्या प्रतिमा जपून ठेवा, कारण पुढे हे ठरवणे अवघड होते.

एखादा गर्भ कमी करण्याचा विषय कोणी काढला असल्यास एवढे लक्षात घ्या, की सामाईक वारेवरील एकाच बाळाला हृदय थांबवणारे नेहमीचे इंजेक्शन देता येत नाही. औषध दुसऱ्याकडे जाऊ शकते. तिथे नाळेतील प्रवाह बंद करणारी वेगळी पद्धत लागते, आणि कोणत्याही मार्गात गर्भपाताचा धोका राहतोच. गर्भवैद्यक तज्ज्ञांशी पती-पत्नी दोघांनी बोलून, घाई न करता ठरवावे.

गुंतागुंत नसल्यास अशा तिळ्यांची प्रसूती साधारण 35 व्या आठवड्यात योजतात, पण पुष्कळ जणींची त्याआधीच होते. म्हणून एकाच वेळी तीन नवजातांची सोय असलेला अतिदक्षता विभाग कोठे आहे, हे आताच विचारून ठेवा. पोट अचानक ताणून मोठे वाटले, धाप लागली, पोटात कळा आल्या किंवा पाणी जाऊ लागले, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.