दूध वर येत असल्याचे तिने सांगितले

ताई,

तुमची मुलगी २२ वर्षांची आहे, नवव्या वर्षी तिची दृष्टी पूर्ण गेली, आणि आता तिला बँकेत नोकरी लागून नेमणूक कोल्हापूरला मिळाली आहे. तिला साधा चहाही येत नाही. तेव्हा घर सोडून तिच्याबरोबर राहायला जावे की तिला नोकरीच नाकारायला लावावी, असे तुम्ही विचारले आहे.

चार पानांच्या पत्रात एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेला आहात: परवा तुम्ही फोनवर बोलत होतात आणि दूध वर येत असल्याचे बाहेरच्या खोलीतून तिनेच ओरडून सांगितले. दूध उतू जाण्याआधी पातेल्याचा आवाज बदलतो, पण ओट्याशी उभ्या असलेल्या तुम्हा-आम्हाला तो बहुधा ऐकू येत नाही. तेरा वर्षे स्वयंपाकघराबाहेर ठेवलेल्या मुलीने तो भिंतीपलीकडून ओळखला. ताई, तिला चहा येत नाही, कारण तुम्ही तो तिला कधी करू दिला नाही.

तिला भाजेल, ही तुमची भीती खरी आहे. मात्र तुमच्या मनगटावरही चटक्यांचे डाग असतील, म्हणून तुम्हाला कुणी ओट्यापासून दूर केले नाही. भांडे आधी थंड शेगडीवर चाचपून मधोमध ठेवायचे आणि मगच गॅस पेटवायचा, एवढी एक सवय लागली तरी बराच धोका टळतो. फोडणी मोहरीच्या तडतडण्यावरून कळते, दाणे भाजल्याचे वासावरून. भाताचे पाणी तर आपण सगळ्याच बोटाच्या पेराने मोजतो. मिठाच्या डब्याला रबर लावावे, साखरेच्या डब्याला लावू नये. इंडक्शनच्या गुळगुळीत काचेवर बोटाला काही लागत नाही, तिथे बटणांच्या जागी टिकल्या चिकटवाव्यात.

अमेरिकेत ‘क्रिस्टीन हा’ नावाच्या दृष्टिबाधित स्त्रीने २०१२ साली ‘मास्टरशेफ’ ही स्वयंपाकाची स्पर्धा जिंकली. तुमच्या मुलीने काही जिंकावे असे माझे म्हणणे नाही. रात्री नऊला भूक लागली तर खानावळीकडे किंवा शेजाऱ्यांकडे न पाहता तिला खिचडी टाकता यावी, एवढेच मला हवे आहे. घरी आलेल्या मैत्रिणीला ‘बस, चहा टाकते’ असे तिने आजवर एकदाही म्हटलेले नसेल, याचे मला फार वाईट वाटते.

तुम्ही कोल्हापूरला जाऊ नका आणि नोकरीही सोडायला लावू नका. आज रात्री तिचा हात धरून ओटा दाखवा: गॅसचे बटण, लायटर, चिमटा, गाळणे, चहा-साखरेचे डबे, आणि त्यांच्या जागा यापुढे कुणीही बदलू नयेत, असे घरात बजावून सांगा. उद्या सकाळचा चहा तुमच्या देखत तिला करू द्या, पण हात मागे बांधून उभ्या राहा. पाणी सांडेल, साखर जास्त पडेल. तो चहा पूर्ण प्या आणि संध्याकाळचाही तिलाच टाकायला सांगा.