गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात घर घेतलंय आणि कुत्रा पाळायचाय? मग हे वाच

अरे भाऊ, गावात कुत्रा पाळणं म्हणजे फ्लॅटमधल्यासारखं नाही. पहिलं काम रेबीजची लस, गोव्यात 2014 पासून मिशन रेबीज या संस्थेचे लोक कुत्र्यांना लस द्यायला गावोगाव फिरतायत, 2021 मध्ये राज्य रेबीज नियंत्रित जाहीर झालं, पण म्हणून ढिला पडू नको, चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धू आणि लगेच सरकारी दवाखान्यात जा, हळद-चुना काही लावायचं नाही.

रात्री अंगणात बांधून ठेवू नकोस हां, बिबट्याला आयतं जेवण मिळतं, आत घे. पावसात गोचीड रोज बघायचे, कानात, बोटांच्या फटीत.

आणि ते सुप्रीम कोर्टाचं, ऑगस्ट 2025 मध्ये आधी दिल्लीतले सगळे भटके कुत्रे उचला म्हणाले, मग 22 तारखेला सांगितलं नसबंदी, लस करून परत तिथंच सोडा, पिसाळलेले आणि आक्रमक वगळून. मला दुसरा निर्णय पटला. वाड्यावरचे, म्हणजे वस्तीतले, जुने कुत्रे हलवले की रिकाम्या जागेत नवे, बिनलशीचे येतात. त्यामुळे तुझ्या दारात येणाऱ्या भटक्यांचीही नसबंदी करून घे, नुसती बिस्किटं टाकू नकोस, आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) फटाक्यांआधी गेट नीट लावून घे.