व्हिएतनाम युद्ध : वळण, कलाटणी, टप्पा आणि ‘युद्धबंदी’

प्रश्न असा आहे : व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकेच्या सहभागावर मराठीत लिहिताना टोंकिनचे आखात, टेट, पॅरिस करार अशा प्रत्येक घटनेला ‘निर्णायक वळण’ म्हटले जाते. ‘वळण’, ‘कलाटणी’, ‘टप्पा’, ‘पारडे फिरणे’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि या युद्धाच्या शेवटासाठी ‘माघार’, ‘युद्धबंदी’ हे शब्द बरोबर आहेत का?

एकमेकांच्या जागी ते चालत नाहीत. या युद्धाबाबत तर शब्द चुकला की इतिहासही चुकतो, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

टप्पा म्हणजे दोन मुक्कामांमधले अंतर. त्याला सुरुवात असते, शेवट असतो आणि मधली लांबी असते. १९५० ते १९५४ या काळात फ्रेंचांना पैसा आणि शस्त्रे पुरवणे हा अमेरिकेच्या सहभागाचा एक टप्पा, देशाचे कम्युनिस्ट उत्तर आणि दक्षिण असे तात्पुरते दोन भाग करणाऱ्या १९५४च्या जिनिव्हा करारानंतर दक्षिण व्हिएतनामचे सरकार उभे करणे हा दुसरा, राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या काळातला लष्करी सल्लागारांचा तिसरा. वळणाला दिशा लागते. आधी कुठे चालले होते आणि नंतर कुठे निघाले, ही दोन्ही टोके सांगता आली पाहिजेत. कलाटणीत अनपेक्षितपणा येतो. सुनीतात आठ ओळी एका अंगाने गेलेला विचार पुढच्या सहा ओळींत उलटतो, त्याला कलाटणी म्हणतात, ते याच अर्थाने. आणि पारडे फिरते तेव्हा दोन पक्षांच्या बळाची तुलना असते. एकाचे वजन कमी आणि दुसऱ्याचे जास्त झाल्याशिवाय पारडे फिरत नाही.

शंका आली तर वाक्य मोडून पाहावे. ‘इथपासून तिथपर्यंत’ बसत असेल तर टप्पा. ‘याऐवजी ते’ बसत असेल तर वळण. ‘अपेक्षा ही होती, झाले ते’ असे म्हणता येत असेल तर कलाटणी. ‘याच्यापेक्षा तो वरचढ झाला’ म्हणता येत असेल तरच पारडे.

आता घटना घेऊ. केनेडींच्या टप्प्यासाठी ‘सल्लागार’ हा शब्द सगळीकडे वापरतात. तो तेव्हाचा अधिकृत शब्द आहे, पण तेवढ्यावर थांबले तर वाचकाची दिशाभूल होते. १९६३च्या अखेरीस हे सल्लागार सुमारे १६ हजार होते, आणि ते केवळ सल्ला देत नव्हते. २ जानेवारी १९६३ रोजी दक्षिण व्हिएतनाममधल्या आप बाक येथे झालेल्या लढाईत अमेरिकेची पाच हेलिकॉप्टरे पडली आणि तीन अमेरिकन मारले गेले. ‘सल्लागार म्हणून पाठवलेले सैनिक’ असे लिहिले की दोन्ही गोष्टी शब्दांत येतात.

टोंकिनच्या आखाताबाबत सर्वांत जास्त आढळणारे वाक्य म्हणजे ‘या घटनेनंतर अमेरिकेने युद्ध पुकारले’. हे चूक आहे. युद्ध पुकारणे म्हणजे रीतसर घोषणा करणे, आणि अशी घोषणा अमेरिकेने व्हिएतनाममध्ये कधीच केली नाही. २ ऑगस्ट १९६४ रोजी ‘मॅडॉक्स’ या विनाशिकेवर उत्तर व्हिएतनामच्या गस्ती नौकांनी हल्ला केला. ४ तारखेला दुसऱ्या हल्ल्याचे वृत्त आले, पण तो हल्ला झालाच नव्हता असे नंतर निष्पन्न झाले. म्हणून ‘दोन हल्ले झाले’ असेही लिहू नये. ७ ऑगस्टला अमेरिकी काँग्रेसने ठराव केला. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ अशी मते पडली. विरोधातली दोन मते वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग यांची. या ठरावाने राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना बळ वापरण्याची मोकळीक मिळाली. तेव्हा ‘काँग्रेसने युद्धाची मोकळीक दिली’ म्हणा. ही मोकळीक हाती आल्यावरही जॉन्सन यांनी काही महिने मोठे पाऊल उचलले नाही, त्यामुळे खरे वळण पुढच्या वर्षी आहे.

ते वळण फेब्रुवारी ते जुलै १९६५ असे सहा महिन्यांत पूर्ण झाले. फेब्रुवारीत प्लेकूच्या अमेरिकी तळावर हल्ला झाला. २ मार्चला उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बफेक सुरू झाली. ८ मार्चला दा नांगच्या किनाऱ्यावर सुमारे ३,५०० मरीन सैनिक उतरले, तेही हवाई तळाच्या रक्षणासाठी. २८ जुलैला जॉन्सन यांनी सैन्य ७५ हजारांवरून १ लाख २५ हजारांवर नेण्याची आणि सक्तीची भरती महिन्याला १७ हजारांवरून ३५ हजारांवर नेण्याची घोषणा केली. तळ राखण्याऐवजी जमिनीवर लढणे, इथे ‘याऐवजी ते’ नेमके बसते. कलाटणी मात्र बसत नाही. धोरणात काहीही बदल नाही, असे त्याच पत्रकार परिषदेत जॉन्सन यांनी सांगितले, राखीव सैन्यही बोलावले नाही. बदल मोठा होता आणि तो मुद्दाम हळूहळू, गाजावाजा न करता केला गेला. वळणाचा रस्ता असाच असतो. वळलो हे पुढे गेल्यावर कळते.

इथेच आणखी एक प्रयोग तपासायला हवा : ‘अमेरिका युद्धात ओढली गेली’. हे कर्मणी रूप सोयीचे आहे, पण ओढणारा कोण हे ते सांगत नाही. प्रत्येक पायरीवर व्हाइट हाउसमध्ये चर्चा झाली, पर्याय मांडले गेले, उपपरराष्ट्रमंत्री जॉर्ज बॉल यांनी स्पष्ट विरोधही नोंदवला आणि मग निर्णय झाले. विचार करून घेतलेल्या निर्णयाला ‘ओढले जाणे’ म्हणू नये. ‘युद्धात उतरली’ हा शब्द योग्य. आणि ‘युद्धाला तोंड फुटले’ म्हणायचे असेल तर कोणाच्या युद्धाला ते सांगावे. व्हिएतनामींच्या लढ्याला कितीतरी आधी तोंड फुटले होते. १९६५मध्ये फुटले ते अमेरिकेच्या जमिनीवरच्या युद्धाला.

टेटसाठी मात्र ‘कलाटणी’ इतका नेमका दुसरा शब्द नाही, आणि ‘पारडे फिरले’ इतका चुकीचाही नाही. ३० आणि ३१ जानेवारी १९६८च्या सुमारास, टेट या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, उत्तर व्हिएतनाम आणि व्हिएतकाँग (दक्षिणेतले कम्युनिस्ट बंडखोर) यांनी दक्षिणेतल्या ४४ पैकी ३६ प्रांतिक राजधान्यांवर हल्ले केले. दक्षिणेची राजधानी सायगावमध्ये १९ जणांची तुकडी भिंतीला भगदाड पाडून अमेरिकी दूतावासाच्या आवारात शिरली. लष्करी हिशेबाने हल्लेखोरांचे फार मोठे नुकसान झाले. बहुतेक शहरे लवकर परत घेतली गेली, ह्युए शहराची लढाई तेवढी जवळपास महिनाभर चालली, आणि ज्या जनउठावाची आशा होती तो झाला नाही. म्हणजे रणांगणावर पारडे फिरले नाही. फिरली ती अमेरिकेतली समजूत. १९६७च्या अखेरीस सेनापती वेस्टमोरलँड विजय दृष्टिपथात असल्याचे सांगत होते. अपेक्षा ही होती आणि पडद्यावर दिसला तो दूतावासाच्या आवारातला गोळीबार. २७ फेब्रुवारीला वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांनी युद्ध कोंडीत अडकल्याचे मत दूरचित्रवाणीवर मांडले. आणखी सुमारे २ लाख ६ हजार सैनिकांची मागणी मार्चमध्ये वृत्तपत्रांत फुटली. ३१ मार्चला जॉन्सन यांनी उत्तरेच्या बऱ्याच भागावरील बॉम्बफेक थांबवली आणि आपण राष्ट्राध्यक्षपदासाठी पुन्हा उभे राहणार नाही असे जाहीर केले.

म्हणून वाक्य असे करावे : ‘टेटच्या हल्ल्यांनी अमेरिकेच्या युद्धधोरणाला कलाटणी मिळाली.’ कशाला कलाटणी, हे लिहिणे आवश्यक आहे. नुसते ‘युद्धाला कलाटणी मिळाली’ म्हटले की वाचक लष्करी पराभव समजतो. ‘टेटनंतर अमेरिका माघारी फिरली’ हेही टाळावे, कारण सैन्यसंख्येचा कळस त्यानंतर आला : एप्रिल १९६९मध्ये सुमारे ५ लाख ४३ हजार.

८ जून १९६९ रोजी मिडवे बेटावर नवे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पहिले २५ हजार सैनिक परत आणण्याचे जाहीर केले, तिथे पुन्हा वळण आहे. ‘व्हिएतनामीकरण’ हा शब्द मराठीत सहज बसला आहे, तो वापरावा. लढण्याचा भार दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यावर सोपवणे, एवढा खुलासा पहिल्या वेळी द्यावा. या काळासाठी ‘माघार’ लिहिताना जपावे. माघार घेणे यात हार मानण्याची किंवा शब्द फिरवण्याची छटा आहे. इथे ठरवून, तुकड्यातुकड्यांनी सैन्य कमी केले जात होते, आणि त्याच वेळी एप्रिल १९७०च्या अखेरीस कंबोडियात फौजा घुसवून युद्धाची व्याप्ती वाढवलीही जात होती. ‘सैन्य टप्प्याटप्प्याने काढून घेतले’ हे सर्वांत अचूक.

२७ जानेवारी १९७३च्या पॅरिस कराराला ‘तह’ म्हणू नये. तह म्हटले की आपल्याला पुरंदरचा तह आठवतो : कोणते २३ किल्ले गेले, कोणते राहिले, सगळे ठरलेले. पॅरिसमध्ये दक्षिणेत कोणाची सत्ता हा मूळ प्रश्नच पुढे ढकलला गेला आणि उत्तरेचे सैन्य दक्षिणेत होते तिथेच राहिले. तिकडच्या कायद्यानेही तो सिनेटने संमत केलेला तह नव्हता. ‘करार’ हाच शब्द ठेवा.

‘युद्धबंदी’ची अडचण याच करारात सर्वांत ठळक दिसते. बंदी म्हणजे मनाई, थांबवणे. आणि बंदी म्हणजे कैदीही. पहिला शब्द स्त्रीलिंगी, दुसरा पुल्लिंगी. ‘युद्धबंदी झाली’ आणि ‘युद्धबंदी सुटले’ यांत क्रियापदामुळे अर्थ कळतो, पण ‘युद्धबंदीविषयीचे कलम’ म्हटले की कळत नाही. करारात दोन्ही कलमे आहेत : लढाई थांबवणे आणि कैद्यांना ६० दिवसांत सोडणे. फेब्रुवारी ते एप्रिल १९७३ दरम्यान ५९१ अमेरिकन कैदी परतले. म्हणून या विषयावर लिहिताना पहिल्यासाठी ‘युद्धविराम’ आणि दुसऱ्यासाठी ‘युद्धकैदी’ असे दोन वेगळे शब्द शेवटपर्यंत पाळावेत.

राहता राहिले १९७५. शेवटच्या अमेरिकी तुकड्या २९ मार्च १९७३ रोजीच गेल्या होत्या, आणि १५ ऑगस्ट १९७३नंतर इंडोचीनमध्ये लष्करी कारवाई करायला काँग्रेसने मनाई केली होती. त्यामुळे ‘एप्रिल १९७५मध्ये अमेरिकन सैन्याने माघार घेतली’ हे वाक्य सपशेल चुकीचे आहे. त्या महिन्याच्या २९ आणि ३० तारखेला सायगावमधून हेलिकॉप्टरने उरलेले अमेरिकन आणि हजारो व्हिएतनामी बाहेर काढले गेले. पारडे खऱ्या अर्थाने फिरले ते त्याआधी, मार्च १९७५मध्ये बान मे थुओट हे शहर उत्तरेच्या हाती पडले आणि दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थिएऊ यांनी मध्य पठार सोडण्याचा आदेश दिला तेव्हा. पण ते युद्धाचे पारडे. अमेरिकेच्या सहभागाची यादी करत असाल तर तिथे १९७३ची मनाई घाला.