दरीतून परत फिरलेली मुलगी

प्रश्न: बारावीनंतर आमची मुलगी कॅनडात ब्रिटिश कोलंबियात कमर्शियल पायलटचं प्रशिक्षण घेत आहे. उड्डाणाचे १२० तास पूर्ण झालेत. मागच्या आठवड्यात ती एकटीच सेस्ना हे शिकाऊंचं लहान विमान घेऊन डोंगरांमधून दुसऱ्या गावी निघाली. अंदाज चांगला होता, पण वाटेत अचानक बर्फ सुरू झाला. ती अर्ध्यातून वळली, मागे राहिलेल्या एका लहान विमानतळावर उतरली आणि रात्रभर तिथेच थांबली. विमानाचं भाडं गेलं, राहण्याचा खर्च वेगळा. तिचे बाबा म्हणतात, "एवढ्याशा बर्फाला घाबरली तर पुढे कसं व्हायचं?" तिला तर पुढे हिमालयात लहान विमानं उडवायची आहेत. इतवारीतलं दुकान तारण ठेवून आम्ही कर्ज काढलंय. रात्री नऊला दुकान बंद करून तिला फोन करतो, तेव्हा हप्त्याचा विषयही निघतोच. तिला परत बोलवावं का?
– एक आई, नागपूर

उत्तर: ताई, नमस्कार.

नाही, बोलवू नका. तिने त्या दिवशी जे केलं ते शिकवतानाच प्रशिक्षकांचा सगळ्यात जास्त कस लागतो. विमान वर नेणं आणि खाली उतरवणं बहुतेक विद्यार्थ्यांना जमतं. ठरवलेलं गाव समोर असताना वेळेत वळणं फार थोड्यांना जमतं.

तिच्या बाबांना हे इतवारीच्या भाषेत सांगा. गल्लीत पुढे हातगाड्या अडकलेल्या दिसल्या की जाणता टेम्पोवाला तोंडावरूनच गाडी वळवतो. आत शिरला तर निदान रिव्हर्स गियर तरी असतो. विमानाला तोही नाही. दरी पुढे अरुंद होत जाते, जमीन वर चढत जाते, आणि एका ठिकाणी अशी वेळ येते की वळायला रुंदी उरत नाही आणि डोंगर ओलांडण्याइतकं चढायला इंजिनात ताकद उरत नाही. म्हणून डोंगरात शिकवताना विमान दरीच्या मधोमध नेऊ देत नाहीत. एका कडेने न्यायचं, म्हणजे वळायला सगळी रुंदी हाताशी राहते. अधूनमधून मागेही बघायचं, कारण बर्फाची सर मागूनही दरी बंद करते.

ती पुढे गेली असती तर काय झालं असतं, हेही स्पष्ट लिहितो. बाहेर बघून, नजरेने उडणारा पायलट ढगात किंवा दाट बर्फात शिरला की क्षितिज दिसेनासं होतं. मग कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा फसवते. विमान वळत असतं, पण सरळच चाललंय असं वाटतं. १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचं शिक्षण न झालेल्या २० जणांची चाचणी घेतली होती. बाहेरचं काही दिसू न देता त्यांना विमान चालवायला लावलं. विसांच्या विसांनी ताबा गमावला, आणि त्याला सरासरी वेळ लागला १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. आज तुमच्या मुलीला उपकरणांवर उडण्याचे काही तास शिकवलेले असतील, पण ते अडचणीतून वळून बाहेर पडता यावं म्हणून असतात. त्यांच्या भरवशावर दरीत आत शिरायचं नसतं.

बर्फापेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे विमानावर चढणारं बर्फाचं कवच. ढगातले पाण्याचे थेंब शून्याखाली जाऊनही द्रवच राहतात आणि पंखाला लागताक्षणी गोठतात. पंखाचा आकार बिघडला की तो विमान नीट उचलू शकत नाही, आणि शिकाऊ सेस्नाच्या पंखांवर हे कवच काढण्याची काहीच सोय नसते. जमिनीवर रात्रभर उभ्या राहिलेल्या विमानाचंही तेच. सँडपेपरइतका खरखरीत, पातळ थर पंखावर राहिला तरी उचलण्याची ताकद ३० टक्क्यांपर्यंत घटते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पंख साफ केल्याशिवाय उड्डाण केलं नसेल, याची मला खात्री वाटते. तरी तिला विचारा. तिला सांगायला आवडेल.

थंडीत उंची दाखवणारं यंत्रही दगा देतं. यंत्र ज्या तापमानाच्या हिशेबाने बनवलेलं असतं त्या प्रमाण तापमानापेक्षा हवा दर १० अंशांनी थंड असेल तर दाखवलेल्या उंचीत साधारण चार टक्क्यांची चूक होते, आणि तीही धोक्याच्या बाजूने. हवा २० अंशांनी जास्त थंड असेल, आणि यंत्र विमानतळापासून ५,००० फूट वर आहोत असं म्हणत असेल, तर प्रत्यक्षात आपण त्याहून सुमारे ४०० फूट खाली असतो. आपल्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीभोवतीच्या सपाट मुलखात हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. डोंगरात तेवढ्यात शिखर येतं. वाऱ्याचंही असंच आहे. डोंगरमाथ्यावर वारा २५ नॉटच्या (ताशी सुमारे ४६ किलोमीटरच्या) वर असेल तर लहान विमानाने त्या दिवशी तिकडे जाऊच नये, असं जुने पायलट सांगतात, कारण माथ्याच्या पलीकडच्या उताराला लागून हवा इतक्या वेगाने खाली कोसळते की पूर्ण ताकद लावूनही सेस्ना चढत नाही.

हिमालयाबद्दल मी तुम्हाला गोड गोड सांगणार नाही. भारतात डोंगरात लहान विमानं उडवण्याच्या नोकऱ्या मोजक्याच आहेत. अरुणाचलात डॉर्नियर २२८ उडतात, ही १९ आसनी विमानं आपल्या कानपूरला बनतात. कुल्लू, धरमशाला या मार्गांवर एटीआर ही पंख्यांवर चालणारी, त्याहून मोठी प्रवासी विमानं जातात. लहान शहरं विमानाने जोडणाऱ्या सरकारच्या उडान योजनेतलं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमल्याहून दिल्लीला निघालं होतं. लेहचा विमानतळ १०,६०० फुटांहून उंच आहे. दुपारी तिथे वारे उठतात, म्हणून प्रवासी विमानं प्रामुख्याने सकाळी ये-जा करतात. इतक्या मोठ्या विमानांनासुद्धा तिथे घड्याळ पाळावं लागतं, हे तिच्या बाबांना आवर्जून दाखवा. या कामांसाठी कमर्शियल लायसन्सच्या पुढे मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानांसाठीचं) आणि इन्स्ट्रुमेंट (उपकरणांवर उडण्याचं) रेटिंग लागतं, आणि परतल्यावर डीजीसीएच्या, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या, परीक्षा आहेतच. हवामानशास्त्र तिने आतापासूनच मन लावून वाचावं. हिमालयात बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात जानेवारी-फेब्रुवारीत कधीकधी आपल्या विदर्भातही गारपीट घडवतात, त्यामुळे तिला हा विषय अगदीच परका वाटायचा नाही. एअरलाइनची वाट मोठी आहे, ती मोकळी ठेवावी. डोंगरातले तास तिथेही वाया जाणार नाहीत.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते त्या गोष्टीकडे येतो, आणि ती तुमच्या घरातली आहे. लहान विमानांच्या अनेक अपघातांमागे हवामान असतं तसा एक हट्टही असतो: आज पोचायचंच. हा हट्ट बऱ्याचदा पायलटच्या मनात बाहेरून येतो. कुणीतरी वाट बघत असतं, पैसे संपत आलेले असतात, परत फिरलो तर काय म्हणतील असं वाटत असतं. माझ्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थ्याचे वडील रोज फोन करून "आज किती तास झाले?" एवढंच विचारायचे. तो मुलगा मला म्हणाला होता, "सर, ढग दिसला की मला बाबांचा फोन आठवतो." तुमच्या मुलीला परत फिरण्यासाठी एक रुपयाचाही हिशेब द्यावा लागू नये. म्हणून जमलं तर दोन महिन्यांचा राहण्याचा खर्च वेगळा काढून ठेवा आणि तो हवामानासाठी आहे असं तिला मोकळेपणाने सांगा. हिवाळ्यात सलग आठ-दहा दिवस विमान जमिनीवरच राहू शकतं. प्रशिक्षण लांबलं तर तिचा दोष मानू नका.

फोनची वेळही बदला. तुम्ही लिहिलंय की दुकान बंद करून रात्री नऊला तिच्याशी बोलता. नागपुरात रात्रीचे नऊ म्हणजे तिच्याकडे सकाळचे साडेसात-साडेआठ. ती हवामानाचे नकाशे बघत असते, थोड्या वेळाने विमानाकडे निघायचं असतं. नेमक्या त्या वेळी कर्जाच्या हप्त्याचा विषय तिच्या कानावर पडतो. त्यापेक्षा सकाळी नऊला, दुकान उघडण्याआधी फोन करा. तेव्हा तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, विमान हँगरमध्ये असतं, आणि ती निवांत बोलू शकते. पहिला फोन तिच्या बाबांनी करावा आणि त्या दिवशी ती नेमकी कुठून वळली, तेव्हा तिला समोर काय दिसत होतं, एवढंच विचारावं. मग तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मध्ये काही बोलू नये.