नाटकाचा पुढे काय उपयोग? आणि आणखी दोन पत्रं

प्रश्न : ताई, मी मुलींच्या शाळेत शिकवते आणि दरवर्षी मुलींचं एक नाटक बसवते. यंदा मुख्याध्यापिका नवीन आल्यात, त्यांचं म्हणणं की मुलींना पुढच्या आयुष्यासाठी तयार करायचंय ना, मग कॉम्प्युटर घ्या, इंग्लिश बोलणं घ्या, मुलाखतीची प्रॅक्टिस घ्या, नाटकात दोन महिने कशाला घालवायचे? मला पटत नाही पण समोर उत्तरही देता आलं नाही. काय सांगू? — एक शिक्षिका

उत्तर : पहिलं म्हणजे 'नाटकाने आत्मविश्वास वाढतो' हे वाक्य त्यांच्यासमोर अजिबात काढू नका. सगळेच ते म्हणतात त्यामुळे आता ते कोणाच्या कानात शिरत नाही, आणि खरं सांगायचं तर ते अर्धंच खरंय, कारण जी मुळातच धीट असते तिलाच दरवर्षी मेन रोल मिळतो आणि बाकीच्या झाडं नाहीतर शेजारणी होतात, मग वाढला कोणाचा?

त्यापेक्षा त्यांना सरळ एका तालमीला आणून बसवा. समजा कोर्टाचा सीन आहे. न्यायाधीश झालेली मुलगी निकाल वाचतेय, पाठांतर चोख, आवाज मागच्या रांगेपर्यंत जातोय, पण 'शिक्षा' हा शब्द आला की ती बारीकसं हसते, मान किंचित कलते आणि हात केसांकडे जातो. तुम्ही म्हणता, परत घे, हसू नकोस. ती परत घेते, परत हसते! तिला कळतच नाही आपण हसतोय ते. ठाम काही बोलायचं म्हटलं की आधी समोरच्याला सांभाळून घ्यायचं ही सवय तिला कधी लागली हे तिलाही सांगता येणार नाही. आता सांगा, ही गोष्ट शाळेत दुसऱ्या कुठल्या तासाला कोणाच्या लक्षात आली असती? मुलाखतीच्या प्रॅक्टिसमध्ये तर उलट 'हसतमुख राहा' असंच शिकवतात. तालमीत मात्र ते वाक्य पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं, आणि ज्या दिवशी ती न हसता निकाल वाचून मोकळी होते आणि वर्ग एकदम गप्प होतो ना, तो दिवस मॅडमना दाखवा.

तशी ही कुरकुर जुनीच आहे हो. फ्रान्समध्ये सॅं-सीरला राजा चौदाव्या लुईच्या पत्नी मादाम द मँतनोंनी १६८६ मध्ये गरीब उमराव घरांतल्या मुलींसाठी शाळा काढली, तिथल्या मुलींसाठी रासीन या नाटककाराने 'एस्तेर' हे नाटक लिहिलं आणि १६८९ मध्ये मुलींनी ते चौदाव्या लुईसमोर केलं, पुरुषांच्या भूमिकासुद्धा मुलींनीच. ते इतकं गाजलं की दरबारी लोकांची बघायला झुंबड उडाली, आणि मग व्हायचं तेच झालं, मुली शेफारतील अशी ओरड सुरू झाली. १६९१ चं रासीनचंच 'अथाली' हे नाटक बिनपोशाखाचं, बिननेपथ्याचं, मोजक्या लोकांपुढे उरकलं आणि पुढच्या वर्षी शाळेचा मठच करून टाकला. गंमत बघा, 'एस्तेर'मधली राणी राजापुढे उभी राहून आपल्या माणसांचे जीव वाचवायला बोलते, म्हणजे एक शाळकरी मुलगी खऱ्या राजाच्या डोळ्यांदेखत ते बोलून दाखवत होती, आणि मोठ्यांना चिंता कसली तर तिच्याकडे कोण बघतंय याची!

मात्र एक अट. मेन रोल फिरता ठेवा. दरवर्षी त्याच दोघी असतील तर मॅडम म्हणतात ते बरोबर आहे असं मीच म्हणेन.

प्रश्न : माझ्या मुलीची स्टेजवर निवड झाली नाही, तिला बॅकस्टेजला टाकलंय. घरी येऊन रडली. बाईंशी बोलू का? — एक आई

उत्तर : बोला, पण रोल मागायला नाही. एवढंच विचारा की बॅकस्टेजला तिच्याकडे नेमकं कुठलं काम आहे. 'मदत कर इकडे तिकडे' असं उत्तर आलं तर तुमची मुलगी रडली ते योग्यच. पण स्टेज मॅनेजरचं काम देत असतील तर तिला सांगा की प्रयोग एकदा सुरू झाला की बाईसुद्धा प्रेक्षकांत जाऊन बसतात आणि हुकूम तिचा चालतो. तिच्याकडे संहितेची एक प्रत असते, त्यात पेन्सिलने सगळं लिहिलेलं, कोणाची एन्ट्री कुठल्या विंगेतून, कुठल्या शब्दावर लाइट जाणार, दाराची बेल कधी वाजणार. ती 'लाइट सात, स्टँडबाय' म्हणते, लाइटवाली तयार आहे म्हणून सांगते, आणि 'गो' म्हटल्याशिवाय कोणी बटणाला हात लावत नाही. मधेच कोणी चार वाक्यं गाळून पुढे गेलं तर मधला लाइट सोडायचा की थांबायचं हे तिथल्या तिथे अंधारात उभं राहून तिनेच ठरवायचं, विचारायला वेळ नसतो. आठवी-नववीतल्या मुलीला पंधरा-वीस जणींना कामाला लावायचा, त्यातल्या दोघी तिच्यापेक्षा मोठ्या आणि एक रुसलेली, असा चान्स दुसरीकडे कुठे मिळतो हो?

आणि बाईंना हेही सांगा की शेवटी नावं घेतात तेव्हा हिचं पण घ्यायचं, 'आणि इतर' मध्ये नको.

प्रश्न : आमच्या शाळेत फक्त मुली आहेत म्हणून मला सेनापतीचा रोल मिळालाय. जाड आवाज काढला की सगळ्या हसतात. काय करू? — वैतागलेली सेनापती

उत्तर : जाड आवाज काढूच नकोस! ओढूनताणून आवाज खाली नेलास तर घसा बसेल आणि वाक्यंही कळणार नाहीत. तुझ्याच आवाजात बोल, फक्त सावकाश बोल आणि वाक्य संपताना आवाज वर जाऊ देऊ नकोस, तो वर गेला की हुकूमसुद्धा प्रश्नासारखा ऐकू येतो. पाय खांद्यांइतके लांब ठेव, वजन दोन्ही पायांवर सारखं. कोणी हाक मारली तर आधी नजर वळव, मग मान, घाई नाही, सेनापतीला कसली घाई. आणि तू एकटी नाहीयेस, इंग्लंडमध्ये १६६० पर्यंत व्यावसायिक रंगभूमीवर बायकांच्या भूमिका मुलगे करायचे, तर सारा बर्नहार्ट या फ्रेंच नटीने १८९९ मध्ये चक्क हॅम्लेट केला.

तरी पहिल्या एन्ट्रीला हसतीलच. हसू दे, तू जागची हलू नकोस आणि स्वतः हसू नकोस. हशा ओसरायला लागला की लगेच पुढचं वाक्य घे, पूर्ण थांबेपर्यंत वाट बघितलीस तर सीन पडतो.