रिसेप्शनचा गाऊन चीनहून मागवू का? लग्नाला ६ आठवडे आहेत, बेळगाव

नका मागवू, मापाचा गाऊन असेल तर तीन-चार महिने तरी हाताशी हवेत. शहापुरात माझं शिवणकाम आहे, बाहेरून आलेले गाऊन दुरुस्तीला येतात. इंचातलं माप सेंटिमीटरच्या रकान्यात भरलेलं, आणि आत उलटून बघावं तर शिवणीत पाव इंचही माया (आत सोडलेलं जादा कापड) नाही. सैल करायचं कशातून? विक्रेता 'गिफ्ट म्हणून पाठवतो' म्हणाला तर भुलू नका, ५००० रुपयांपर्यंतच्या गिफ्टला कस्टम ड्यूटी माफ असायची, ती सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली. कस्टम ड्यूटी धरूनच हिशेब करा. कुरिअरवाले केवायसीला आधार किंवा पॅनही मागतात. डोक्यावरची जाळी, क्लच असलं बिनमापाचं मात्र खुशाल मागवा, उशिरा आलं तरी अडणार नाही.